उमेदवाराचे संस्कार आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे पत्रक हातात पडले की आत काय असणार, हे पूर्वी न वाचताही सांगता यायचे. रस्ता, गटार, नळ, दिवाबत्ती आणि स्मशानभूमीचे शेड. उमेदवार बदलला तरी यादी तीच. अलीकडे मात्र या यादीच्या वर एक नवी ओळ येऊ लागली आहे. 'कुटुंब टिकले तर गाव टिकेल', 'संस्कारक्षम गाव', 'आईबापांचा मान हाच आमचा जाहीरनामा' अशा मथळ्यांची पत्रके पारावर, दूध डेअरीवर वाचायला मिळतात.

आमच्या भागातल्या एका प्रभागातल्या उमेदवाराचे असेच पत्रक वाचनात आले. नाव देण्याचे कारण नाही, असा उमेदवार आता बहुतेक गावांत एखादा तरी असतोच. माणूस भला, भजनी मंडळात बसणारा, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. त्याने पाच कलमे दिली आहेत. एक, गावात दारूबंदी. दोन, संध्याकाळी दोन तास मोबाईल आणि टीव्ही बंद. तीन, आईबापांना न सांभाळणाऱ्याला ग्रामपंचायतीचा एकही दाखला मिळणार नाही. चार, आईवडिलांच्या संमतीशिवाय केलेल्या लग्नाची गावात नोंद होणार नाही. पाच, लेकीबाळींचा मान राखला जाईल. पाचव्या कलमाखाली पुढे काही लिहिलेले नाही.

या कलमांना कोणी हसू नये. घरोघरची दुखणी त्यात आहेत, म्हणून तर लोक टाळ्या वाजवतात. पण टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. एक म्हणजे, हे करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे का? आणि दुसरी, ज्या गावांनी असे काही केले तिथे ते कशाच्या जोरावर टिकले? मी सरकारी नोकर आहे, कोणाला मत द्या किंवा देऊ नका हे सांगणे माझे काम नाही. कलमे तपासून बघणे मात्र वाचक शेतकरी बंधू-भगिनींचे कामच आहे.

दारूबंदी : उमेदवाराच्या नव्हे, बायांच्या हाती

पहिले कलम दारूबंदीचे. हे आश्वासन देणारा उमेदवार एक गोष्ट सांगत नाही, की परवानाधारक दुकान बंद करण्याची चावी ना सरपंचाकडे आहे ना सदस्याकडे. ती गावातल्या महिला मतदारांकडे आहे. 'आडवी बाटली-उभी बाटली' म्हणून जे मतदान आपल्याला माहीत आहे, त्याची रीत अशी : गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या किंवा अंगठे करून लेखी मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्यांची पडताळणी करतो, मग गुप्त मतदान होते. दुकान बंद व्हायचे असेल तर एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

इथे गोम आहे ती 'एकूण' या शब्दात. मतदानाला आलेल्या बायांच्या निम्म्या नव्हे, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे जी बाई त्या दिवशी गावात नाही तिचे मत आपोआप दारूच्या दुकानाच्या बाजूला जमा होते. दिवाळीनंतर ज्या गावची निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत हे मतदान घेतले तर ते हरणारच. तेव्हा दारूबंदी म्हणणाऱ्या उमेदवाराला विचारावे, मतदान कधी घ्यायचे ठरवले आहे? सह्या कोण गोळा करणार? ज्याच्याकडे याचे उत्तर आहे त्याने विषयाचा अभ्यास केला, असे समजायला हरकत नाही.

आणखी एक. परवान्याचे दुकान बंद झाले म्हणजे दारू बंद झाली असे होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठवली. उठवताना अवैध दारू वाढल्याचे कारण सरकारने दिले. शेजारच्या गडचिरोलीत बंदी कायम आहे आणि तिच्यासाठी गावपातळीवरच्या समित्या, बायांचे गट वर्षानुवर्षे राबताहेत. सांगायचा मुद्दा इतकाच की बंदीचा ठराव एका दिवसात होतो, पहारा वर्षभर ठेवावा लागतो. हातभट्टीची माहिती देणाऱ्या बाईच्या पाठीशी उमेदवार उभा राहणार का, हा खरा प्रश्न आहे. कारण भट्टीवाला बहुतेक वेळा कोणाचा तरी कार्यकर्ता असतो!

भोंगा वाजला, पुढे काय?

दुसरे कलम मोबाईलचे. याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की घरातला टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद, मुले अभ्यासाला. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर गेली आणि मुलांची सवय मोडेना, हे त्यामागचे कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरू नये असा ठराव ग्रामसभेत केला.

दोन्ही गावांचा हेतू एकच, पण रीत वेगळी. मोहित्यांच्या वडगावात आधी बायांशी बोलणे झाले, मग गल्लीगल्लीत फिरून लोकांना पटवणे झाले आणि बंद राहायचे ते लहान-थोर सगळ्यांनी. बाप चौकात रील बघत बसला आणि पोराला म्हणाला अभ्यास कर, तर पोर ऐकत नाही. घरातल्या शिस्तीचा हा साधा नियम आहे.

कायद्याने बघायचे तर असा ठराव म्हणजे गावाने गावाला घातलेली शपथ. त्याच्या जोरावर दंड वसूल करणे किंवा कोणाचा नळ तोडणे, असले काही ग्रामपंचायतीला करता येत नाही. उमेदवाराने 'दोन तास बंद' म्हणताना 'न ऐकणाऱ्यावर कारवाई' असेही म्हटले असेल, तर तिथे त्याला थांबवावे. आणि हेही विचारावे की दोन तास मोबाईल बंद ठेवून मुलाने बसायचे कुठे? अभ्यासिका आहे का, वाचनालयाची खोली उघडी असते का, त्या वेळेत वीज असते का? नाही तर भोंगा वाजणार आणि मुले पारावर बसणार.

म्हाताऱ्या आईबापांचा प्रश्न

तिसरे कलम माझ्या मते सगळ्यांत मोठे आहे, कारण त्याचा थेट संबंध जमिनीशी येतो. शेतीच्या कामासाठी गावोगाव फिरताना हे चित्र वारंवार दिसते. म्हाताऱ्याने हयातीत सगळी जमीन मुलांच्या नावे करून दिली, आता सातबारा कोरा, शेतकरी सन्मान निधीचा हप्ता मुलाच्या खात्यात, आणि म्हातारा-म्हातारी एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना एकतीस दिवसांचा असला तर शेवटच्या दिवशी जेवायचे कोणाकडे, यावरूनही वाद.

अशा मुलाचा दाखला अडवावा असे कोणालाही वाटेल. पण दाखला अडवणे बेकायदा आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी अशा सेवा ठरलेल्या मुदतीत देणे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे बंधनकारक आहे. कारण नसताना सेवा नाकारली तर ५०० ते ५,००० रुपये दंड बसतो आणि तो बसतो संबंधित अधिकाऱ्याला. म्हणजे घोषणा उमेदवाराची आणि दंड ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, आपल्या जुन्या ग्रामसेवकाला! गावकारभाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग करता काय येते? बरेच काही येते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला की जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून आईवडिलांना द्यायची. तक्रारी आल्या, चौकशी झाली आणि काही कर्मचाऱ्यांची कपात सुरूही झाली. त्यात शिक्षकही होते. तिथे जिल्हा परिषद मालक होती, पगार तिच्या हातातून जात होता, म्हणून ते जमले. शेतकऱ्याला पगार नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम २००७ सालचा आहे. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. याच कायद्यातले कलम २३ प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असायला हवे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्य प्रकारे मिळकत दिली आणि पुढे मुलाने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. पण ती अट असावी लागते, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात अटीला महत्त्व दिले. पुढे २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याकडे म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे बघायला सांगितले आहे. तरीसुद्धा शहाणपण यातच आहे की बक्षीसपत्र करताना 'हयातभर अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहण्याची सोय करीन' हे वाक्य कागदात लिहूनच घ्यावे. लेखनिकाला लाज वाटायचे कारण नाही, मुलालाही नाही. त्याहून बरे म्हणजे हयात असेपर्यंत चार-दोन गुंठे का होईना स्वतःच्या नावावर ठेवावे.

उमेदवाराला आईबापांचा खरोखर कळवळा असेल तर त्याने एवढेच करावे : ग्रामपंचायतीच्या फळ्यावर या अर्जाचा नमुना लावावा, म्हाताऱ्याला प्रांत कार्यालयात नेऊन आणायला माणूस द्यावा आणि निराधार योजनेच्या अर्जाला मदत करावी. यासाठी ना ठराव लागतो, ना दंड.

लग्नाची नोंद आणि गावाची इज्जत

चौथे कलम नाजूक आहे आणि मतेही यावरच जास्त फिरतात. २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने प्रेमविवाहाच्या नोंदणीसाठी आईवडिलांची संमती हवी असा ठराव केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यानंतर हा विषय अनेक गावांच्या पारावर गेला.

मुलगी न सांगता निघून गेली तर आईबापावर काय गुजरते हे कळायला वेगळे शिक्षण लागत नाही. त्याची टिंगल कोणी करू नये. पण कायदा स्पष्ट आहे. मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा असेल तर लग्नाला तिसऱ्या कोणाच्या संमतीची गरज नाही. विवाह नोंदणीचा कायदा विधिमंडळाने केलेला आहे, त्यात ग्रामपंचायतीला आपली अट घुसवता येत नाही. सज्ञान मुला-मुलीच्या लग्नात पंचायतीने किंवा जमावाने आडवे येणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितले. आणि अशा कुटुंबाशी बोलू नका, त्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, असे फर्मान कोणी काढले तर आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावावर सही करणाऱ्या सदस्याने आधी हे वाचावे.

आता याच विषयाची दुसरी बाजू बघा. मुलीने मर्जीने लग्न केले तर गावाची इज्जत जाते, पण पंधरा-सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले तर कोणाच्याच इज्जतीला धक्का लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, बीडमध्येही चाळिशीच्या पुढे. म्हणजे परभणीत जवळजवळ दर दुसरी! पत्रकाच्या चौथ्या कलमात यातला एक शब्द नाही.

बालविवाह रोखणे हे मात्र गावाच्या अधिकारातले काम आहे, किंबहुना कर्तव्यच आहे. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला सहाय्य करते. २००६ च्या कायद्यानुसार लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारा अशा सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १०९८ या क्रमांकावर नाव न सांगताही कळवता येते. अडचण एकच. अक्षता टाकायला सगळ्यात पुढे गावपुढारीच असतो, मग ग्रामसेवकाने फोन करायचा कसा? उमेदवाराने नुसते एवढे जाहीर करावे की 'अठराच्या आतल्या मुलीच्या लग्नाला मी जेवायला जाणार नाही.' पाच कलमांपेक्षा हे एक वाक्य भारी ठरेल.

कोयता आणि कुटुंब

बालविवाह का होतात, याचे उत्तर नुसत्या संस्कारात शोधून सापडत नाही. ऊसतोडीत मजुरीचा हिशोब 'कोयत्या'वर असतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचल कमी. लग्न झाले की कोयता पुरा झाला. दुसरीकडे आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तर कोपीला दार नाही. मग 'जबाबदारीतून मोकळे होऊ' म्हणून लग्न. यात आईबाप वाईट असतात असे नाही, त्यांच्यापुढे वाटच ठेवलेली नसते.

म्हणून जिथून माणसे ऊसतोडीला जातात अशा गावात कुटुंबाच्या गोष्टी करणाऱ्या उमेदवाराला पहिला प्रश्न हंगामी वसतिगृहाचा विचारावा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवण्याची सोय आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे काढण्याचा निर्णयही राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. गावात हंगामी वसतिगृह सुरू व्हायचे तर प्रस्ताव दिवाळीच्या आत जावा लागतो. गाड्या निघून गेल्यावर प्रस्ताव करून उपयोग नाही.

मुलींची संख्या हा याच साखळीचा पुढचा दुवा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ती मुले आज लग्नाच्या वयाला येत आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीची गत आपण बघतोच आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला होता. लोकांना गंमत वाटली. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही याचे एक कारण शेतीचे उत्पन्न आहे, आणि दुसरे कारण आपण मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत हे आहे. 'लेकीबाळींचा मान' या पाचव्या कलमाखाली मोकळी सोडलेली जागा यासाठी वापरता आली असती.

मान म्हणजे सातबाऱ्यावर नाव

त्या मोकळ्या जागेत काय लिहावे, हे काही गावांनी आणि काही माणसांनी आधीच दाखवले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे गावात होणार नाही असे ठरले. कोरोनाने तरण्याताठ्या बायांवर ही वेळ आणली होती. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडप्रमाणे वागायला सांगितले. कुटुंबाच्या रीतीत ग्रामपंचायतीने कसे लक्ष घालावे, याचा हा चांगला नमुना आहे. कोणाला शिक्षा नाही, कोणाची बंदी नाही, बाईच्या अंगावरचा भार तेवढा कमी केला.

पण कुंकू राहिले आणि सातबाऱ्यावर नाव लागले नाही तर बाई उघड्यावरच राहते. नवरा गेला की विधवा ही कायद्याने पहिल्या वर्गातली वारस आहे. तरी वारस फेरफार करताना 'दीर बघून घेतील' म्हणत दोन-दोन वर्षे जातात. इथे आमच्या खात्याचा रोजचा अनुभव सांगतो. सातबाऱ्यावर नाव नाही तर शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही आणि २०२५ पासून कृषी योजनांना तो क्रमांक लागतो. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, अतिवृष्टीची मदत नाही. खुरपणी, वेचणी, काढणी तिची, आणि पंचनाम्यावर नाव दुसऱ्याचे. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायांच्या नावे चालणारी वहिवाट खातेदारांच्या सुमारे १४ टक्के निघाली. बायांचे शेतातले काम १४ टक्के आहे असे कोण म्हणेल?

शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम चालवली, तेव्हा गावेच्या गावे बायकोच्या नावे जमीन लावायला पुढे आली होती. शासनानेही १९९२ मध्ये त्याला धरून योजना केली. आज ते विस्मरणात गेले आहे. जमिनीचे राहू द्या, निदान घराचे तरी? गावठाणातल्या घराला नमुना नंबर ८ वर पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात आणि हे दप्तर तर ग्रामपंचायतीच्याच कपाटात असते. त्याला ना तहसील लागते, ना कोर्ट. उमेदवाराने स्वतःच्या घरापासून सुरुवात केली तर गाव बघेल.

बायांच्या मानाचा आणखी एक पुरावा दप्तरात मिळतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दहा टक्क्यांची रक्कम लहान गावात काही हजारच असेल. पण ती गेली कुठे, हे जमाखर्चात दिसते. अंगणवाडीच्या सतरंज्यांची बिले दरवर्षी निघत असतील तर सतरंज्या मोजाव्यात!

आणि आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांना राखीव आहेत. नातेवाइकांनी कारभारात हात घालू नये असे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. तरीही 'सरपंचपती' हे पद कुठल्या कायद्यात नसताना गावोगाव भरलेले आहे. बायको उमेदवार आणि पत्रकावर मोठा फोटो नवऱ्याचा, असे असेल तर पाचवे कलम तिथेच निकालात निघाले.

हिवरे बाजारचे उदाहरण अर्धवट सांगू नये

संस्काराची भाषा करणारे बहुतेक वक्ते शेवटी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारवर येतात. उदाहरण चांगले आहे, पण ते पुरे सांगावे. हिवरे बाजारने नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही बंधने पाळली, हे खरे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पण बंधनांबरोबर तिथे डोंगरावर चर खोदले गेले, बांध घातले, पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत असे ठरवले. विहिरींना पाणी आले, चारा आला, दूध वाढले आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत गावात आली.

कुटुंब एकत्र राहायचे तर आधी ते एका गावात राहिले पाहिजे ना! बाप पुण्याला वॉचमन, आई फडावर, पोरे आजीकडे, अशा घराला संस्काराचे व्याख्यान देऊन काय होणार? हिवरे बाजारात बंधने टिकली, कारण बंधन पाळल्याचा फायदा लोकांना विहिरीत दिसला. चराईबंदी पाळली म्हणून गवत वाढले, गवत वाढले म्हणून गाय ठेवता आली. ज्या गावाने नुसती बंदी उचलली आणि पाण्याचे काम सोडले, तिथे बंदी फार दिवस टिकत नाही.

मत देण्याआधी विचारायचे प्रश्न

उमेदवार दारात आला की त्याला पाणी द्यावे, चहा द्यावा आणि हे विचारावे :

१. तुमच्या पत्रकातले कोणते कलम ग्रामपंचायतीच्या अधिकारात आहे आणि कोणत्यासाठी पोलीस, प्रांत किंवा तहसीलदार लागतात?

२. दारूबंदीच्या सह्या कोणत्या महिन्यात गोळा करणार?

३. अठराच्या आतले लग्न ठरल्याचे कळले तर तुम्ही कोणाला फोन करणार? ते लग्न तुमच्या भावकीतले असले तर?

४. गावातून किती जोड्या ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जातात, त्यांच्या मुलांची यादी तुमच्याकडे आहे का?

५. तुमच्या घराच्या नमुना नंबर ८ वर घरातल्या बाईचे नाव आहे का?

६. महिला व बालकल्याणाचे १० टक्के मागच्या वर्षी कशावर खर्च झाले?

७. गावच्या विहिरींची पाणीपातळी शेवटी कधी मोजली?

या प्रश्नांची उत्तरे ज्याला येत नाहीत तो वाईट उमेदवार, असे माझे म्हणणे नाही. 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणणारा माणूस चालेल. 'ते सगळे नंतर बघू, आधी संस्कार महत्त्वाचे' म्हणणाऱ्याजवळ मात्र थोडे थांबून आणखी एकदा विचारावे.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. निवडून आल्यावर उत्साहाच्या भरात कुटुंबविषयक ठराव घेण्याआधी त्याच्या मसुद्यातून 'नाकारण्यात येईल', 'दंड करण्यात येईल', 'बंद करण्यात येईल' हे शब्द काढून बघावेत. ते काढल्यावर ठरावात काही शिल्लक राहिले तर तो घ्यावा. हेरवाडचा ठराव या चाळणीतून सहज जातो, लग्नाच्या नोंदीचा जात नाही.

निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, ग्रामसभा मात्र २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठरलेलीच असते. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे बाया आल्या आणि त्यांचे बोलणे कार्यवृत्तात लिहून घेतले, तर पाचही कलमांचा पाठपुरावा आपोआप सुरू होईल. येत्या ग्रामसभेला घरातल्या बाईला सोबत घेऊन जा आणि परत येण्याआधी हजेरी पुस्तकात तिची सही झाली का, ते पाहा.